लिंबाच्या खोडाला काय लावावं: बोर्डो मलम की तयार पूड?

लिंबाच्या जमिनीलगतची साल सुटायला लागली, फटीतून डिंक गळू लागला आणि पानं शिरांपासून पिवळी पडली, म्हणजे डिंक्या रोग दिसू लागला, की दोनच सल्ले मिळतात. जुनी माणसं म्हणतात बोर्डो लावा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं घरी केलेलं मलम. कृषी सेवा केंद्रवाला कॉपर ऑक्सिक्लोराईडची, म्हणजे तांब्याच्याच तयार बुरशीनाशकाची पुडी पुढे करतो. आमच्या नागपूरच्या अंगणात दोन कागदी लिंबं आणि एक मोसंबी आहे. त्यांच्यावर मी दोन्ही लावून पाहिलं.

पण आधी चाकू घ्या. पेरूची साल पापुद्र्यांनी सुटते, ती त्याची रीतच आहे. खाली गुळगुळीत, हिरवट खोड दिसलं तर काहीही लावू नका. खोडावर भुसा आणि विष्ठेची जाळी लोंबत असेल तर ती साल खाणारी अळी. तिथे जाळी झाडून भोकात तार घालायची, तांब्याचं औषध फुकट जातं. डिंक्या ओळखायचा तो खरवडून. आतली साल तपकिरी, ओलसर, कुजकट असते, आणि ती जिथे संपते तिथे पांढरट-हिरवी जिवंत साल लागते. तिथपर्यंत खरवडायचं. आमच्या मोठ्या लिंबाचा तपकिरी पट्टा खोडाच्या घेराच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेला होता. अर्ध्याच्या पुढे गेला असता, तर कशालाच हात लावला नसता बहुधा.

बोर्डोबद्दल मला आदर आहे. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षावरच्या केवडा या बुरशीच्या रोगासाठी निघालेलं हे औषध अजून टिकलंय, ते उगीच नाही. खोडाला नीट बसलं की पावसातही चिकटून राहतं. मृगाआधी एक हात आणि पाऊस सरल्यावर एक, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत. प्रमाण सगळ्यांना पाठ असतं, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मी शंभर-शंभर ग्रॅम घेतले, पाणी १ लिटर.

घोडं अडलं ते चुन्यावर. कळीचा चुना पाण्यात पडला की फसफसून तापायला हवा. शहरात मला मिळाली ती भिंतीला लावायच्या चुन्याची पुडी, हवा लागून केव्हाच विझलेली. पाण्यात टाकली, बादली थंडगार. तरी मोरचुदाच्या पाण्यात मिसळून लोखंडी खिळा बुडवला, तर खिळ्यावर तांबूस थर! म्हणजे चुना कमी. आणखी घातला, पुन्हा खिळा, पुन्हा तांबूस. तिसऱ्यांदा खिळा स्वच्छ निघाला, तोवर मिश्रण रवाळ झालं होतं आणि शहाबादी फरशीवर निळे डाग पडले होते. शेजारचे काका म्हणाले, पानठेल्यावरून चुना आणायचा होतास. ते गंमत करत होते की नाही, अजून कळलेलं नाही. वर, हे मिश्रण त्याच दिवशी वापरावं लागतं. म्हणजे पाऊस सरल्यावर पुन्हा चुन्याचा शोध आलाच.

दुसऱ्या वर्षी पूड आणली. जुन्या डब्यात थोडी पूड, थोडं पाणी, भज्यांच्या पिठाइतकं दाट करून ब्रशने फासलं. दहा मिनिटांत तिन्ही झाडं. उरलेली पूड कोरडी ठेवली की पुढच्या हाताला कामी येते. हातमोजे मात्र दोन्हीकडे घालावेत. एक उणीव मान्य करतो: मोठ्या पावसाची सर आली की हा लेप बोर्डोपेक्षा लवकर धुपतो. त्या पावसाळ्यात उघडीप बघून मला दोनदा फासावा लागला. तरीही चुन्यामागे गेलेल्या एका दुपारीपेक्षा ते दोन हात हलके वाटले.

माझ्या लिंबाचा डिंक कशाने थांबला, हे मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण त्याच सुमारास आळंही बदललं. काळ्या मातीत बुंध्याशी पाणी साचायचं. आता बुंध्याभोवती मातीचा उंच वरंबा आणि त्याबाहेर पाण्याचं आळं. आळ्यात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला खाणारी उपयोगी बुरशी) घालणार असाल तर तांब्याच्या लेपापासून काही दिवस लांब ठेवा, नाहीतर एकाने दुसरं मारायचं.

पन्नास झाडांची बाग आणि भट्टीवरचा ताजा चुना हाताशी असेल, तर बोर्डोच करा, मी आडवा येणार नाही. परसात दोन-तीन झाडं असतील तर पुडी आणा. माझी उरलेली चुन्याची पिशवी दिवाळीत तुळशीवृंदावनाला कामी आली.