ऑक्सिजन सेन्सर बदलल्याचे पैसे घेतले, सेन्सर मात्र जुनाच! सोलापूरकरांनो, सावध राहा

जुनी पेट्रोल गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. माझी गाडी २०१३ची, एमएच-१३ पासिंगची. सोलापुरातल्या एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा पार्ट) बदलला असं सांगून माझ्याकडून ८,००० रुपये घेतले. त्यात सेन्सरचे ७,२०० आणि मजुरी ८००. सेन्सरला त्यांनी हातही लावला नव्हता. तक्रार अजून चालू आहे, म्हणून गॅरेजचं नाव लिहीत नाही. पण हीच थाप माझ्या शेजाऱ्यालाही मारली गेली. तो बिचारा अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर भाविकांच्या भाड्यावर घर चालवतो. हे कळल्यावर गप्प बसवेना.

चेक इंजिनचा दिवा लागला होता. गावातल्या गावात फिरताना मायलेज पडलं होतं आणि सकाळी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास यायचा. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०१३५ कोड आला. इथवर सगळं खरं होतं. हा कोड कॅटच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, आधी बसवलेल्या पुढच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा आहे. हा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर दिलेला असतो. हीटर गेला की सेन्सर उशिरा जागा होतो. तोवर गाडीचा कॉम्प्युटर ठरलेल्या अंदाजाने पेट्रोल सोडतो आणि ते जास्तच सोडतो. नवी पेठ ते सात रस्ता असल्या छोट्या फेऱ्यांमध्ये गाडी बहुतेक वेळ याच अवस्थेत चालते. त्यामुळे पेट्रोल जास्त जातं आणि धूरही वाढतो.

गॅरेजवाल्याने काउंटरवर कंपनीचा सीलबंद डबा दाखवला. "ओरिजिनल आहे मालक, डुप्लिकेटचं काम आपण करतच नाही." गाडी आत गेली. "आत थांबू नका, सायलेन्सर तापलेला आहे," असं सांगून मला बाहेर बसवलं. दिवा विझलेली गाडी परत मिळाली.

जुना पार्ट मागून घ्या, हा सल्ला सगळेच देतात. मी तो मागितला होता, आणि त्यांनी दिलाही! वर्तमानपत्रात गुंडाळलेला, काळा पडलेला, काजळीने भरलेला सेन्सर. कुणालाही खरा वाटावा असा. म्हणूनच सांगतो, नुसता जुना पार्ट हातात पडला म्हणजे काम झालं असं नाही.

त्यानंतर तुळजापूरला जाऊन आलो. घाटात पिकअप उत्तम, दिवा नाही, मायलेजही बरं. याचं कारण नंतर कळलं. लांबच्या रस्त्यावर एक्झॉस्टच्या उष्णतेनेच सेन्सर तापतो, तिथे हीटर मेलेला असला तरी फारसं जाणवत नाही. पुन्हा गावातल्या फेऱ्या सुरू झाल्या, सकाळी थंड इंजिन चालू होऊ लागलं आणि दिवा परत आला. स्कॅनरने कोड पुसला की दिवा लगेच विझतो. कॉम्प्युटरला तोच दोष सहसा दोन वेगवेगळ्या वेळी गाडी चालू केल्यावर दिसावा लागतो, मगच दिवा पेटतो. या मधल्या काळात गिऱ्हाईक खूश असतं, पैसे देऊन झालेले असतात. कोड पुसणं हे गैर नाही, खरं काम केल्यावरही तो पुसतात. पण काम न करता पुसला तर ती निव्वळ धूळफेक आहे.

परत गेलो तर सूर बदललेला. "जुन्या सेन्सरमुळे कॅट चोक झालाय. कॅट बदलावा लागेल, २४ हजार." त्यांच्याच स्कॅनरवर तोच एक पी०१३५ होता. कॅटची क्षमता कमी झाली की सहसा पी०४२० येतो, तो नव्हता. आणि कॅट खरोखर चोक झाला तर गाडी ओढत नाही, चढाला दम तोडते. माझी गाडी तर नुकतीच तुळजापूरचा घाट सहज चढली होती. गाडी तिथून काढली.

अक्कलकोट रोडला एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी आधी फ्यूज पाहिला, कारण हा कोड फ्यूज उडाल्याने किंवा वायर तुटल्यानेही येतो. फ्यूज शाबूत होता. मग त्यांनी टॉर्च पुढच्या पाइपवर धरला आणि मला बोलावलं. "हे बघा मालक. हा सेन्सर कुणी हलवलेला पण नाही ओ."

सेन्सरचा नट आणि पाइपवरची त्याची बैठक यांच्या सांध्यावर गंजाचा तांबूस थर होता, सलग, कुठेही तडा नाही. पाना लागला असता तर हा थर फुटलाच असता, नटाच्या कडांवर चकचकीत ओरखडे दिसले असते. सॉकेटच्या खिट्टीवर वर्षानुवर्षांची धूळ घट्ट बसलेली. अण्णांनी सॉकेट सोडवून मीटर (मल्टिमीटर) लावला. बहुतेक सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी हीटरच्या असतात आणि चांगल्या हीटरचा रेझिस्टन्स काही ओहम येतो. इथे मीटर आकडाच दाखवेना. आतली तार तुटलेली होती, म्हणजे हीटर मेलेला तो मेलेलाच.

मग मी गॅरेजने दिलेला 'जुना' सेन्सर गाडीतून काढून आणला. त्याच्या सॉकेटला तीन पिना, माझ्या गाडीच्या सॉकेटला चार. तो माझ्या गाडीचा असूच शकत नव्हता! असले भंगारातले सेन्सर गिऱ्हाइकाच्या हातात देण्यासाठीच ठेवलेले असणार, असं माझं ठाम मत झालं आहे. शेजाऱ्यालाही अशीच कागदाची पुडी मिळाली होती. त्याने ती न उघडता फेकून दिली. त्याच्याकडे आता काहीच पुरावा नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

सेन्सर मी कंपनीच्या पार्ट्स काउंटरवरून पक्क्या बिलावर आणला, ४,१०० रुपयांना. अण्णांनी पाइप थोडा कोमट असताना गंज सोडवायचं तेल मारलं, वाट पाहिली आणि बाजूला चीर असलेल्या २२च्या सॉकेट पान्याने जुना सेन्सर सोडवला. नव्याच्या आट्यांवर ग्रीससारखी पेस्ट आधीच लावलेली होती. ती टोकाला लागू न देता त्यांनी सेन्सर हाताने फिरवत बसवला आणि शेवटी पान्याने आवळला. सकाळचा पेट्रोलचा वास त्यानंतर बंद झाला. पीयूसीही नीट पास झालं. आपल्या शहरात नव्या गाड्यांना बीएस-४ हा धुराचा नियम २०१० सालीच लागू झाला, मुंबई-पुण्यासारखाच. संपूर्ण देशात तो २०१७ साली लागू झाला. त्यामुळे इथल्या २०१३च्या पेट्रोल गाडीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू असताना) ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे. सेन्सर बिघडलेला ठेवून ती पाळणं अवघड जातं.

गंजाचे फोटो, मीटरचा व्हिडिओ आणि तीन पिनांचा सेन्सर घेऊन गॅरेजवर गेलो. आधी "पोरानं चुकून दुसरा पार्ट दिला असेल" म्हणाले. गंजाचा फोटो दाखवल्यावर कानावर हात ठेवले. त्यांचं बिल म्हणजे कोऱ्या पॅडवरची चिठ्ठी, 'सेन्सर काम' एवढंच लिहिलेलं. पार्ट नंबर नाही, जीएसटी नाही. गाडीचं रीडिंग तेवढं होतं. ते मात्र कामी आलं, कारण बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले ते स्कॅनरवर दिसतं. अण्णांच्या स्कॅनरवरच्या आकड्याने हिशेब केला, तर कोड त्यांच्याकडेच पुसल्याचं निघालं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि गॅरेजला लेखी पत्र दिलं. तेव्हा कुठे सेन्सरचे पैसे देण्याची तयारी दाखवली, तीही 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून दिलं तर. मी लिहून दिलेलं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, कागद तयार करतो आहे. शेजाऱ्यालाही सोबत घेतो आहे. त्याच्याकडे निदान यूपीआयने पैसे दिल्याची नोंद आहे.

तुमच्यावर अशी वेळ आली तर गाडी देण्याआधी सेन्सरचा आणि त्याच्या सॉकेटचा फोटो काढा. सेन्सरच्या वायरीवर नेलपेंटचा ठिपका लावा. परत मिळालेल्या जुन्या पार्टवर तो ठिपका दिसलाच पाहिजे. नव्या डब्यावरचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या, रिकामा डबाही मागून घ्या. पार्ट बदलण्याआधी मीटर लावून दाखवा, असं स्पष्ट म्हणा. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही. अण्णांनी तर न सांगता दाखवलं.

आणि कॅट बदला असं कुणी म्हणालं तर आणखी जपून. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात, त्यामुळे जुन्या कॅटलाही भंगारात चांगला भाव येतो. चांगला कॅट खराब ठरवला तर गॅरेजचा दोन्हीकडून फायदा. दुसऱ्या ठिकाणी स्कॅन करून घेतल्याशिवाय कॅटला हात लावू देऊ नका. खरंच बदलावा लागला, तर जुना कॅट घरी आणा किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्या.