वैमानिक प्रशिक्षणाच्या नावाखाली गेलेले ७,७५,००० रुपये

मुलाला वैमानिक व्हायचे होते, म्हणून पुण्यातील एका सल्ला केंद्राला आम्ही एकूण ७,७५,००० रुपये दिले: नोंदणीचे २५,०००, ग्राउंड क्लासचे (जमिनीवरच्या थिअरीच्या वर्गांचे) ३,५०,००० आणि फ्लाइंग स्कूलमधील जागा राखून ठेवण्याचे ४,००,०००. आज त्या पत्त्यावर दुसऱ्याच दुकानाची पाटी आहे. ही मंडळी कशी गोड बोलतात हे नव्याने सांगायला नको. त्यांना कुठे पकडता आले असते, तेवढे मात्र सांगितलेच पाहिजे.

दुसरा हप्ता भरताच मुलाच्या हातात लॅमिनेट केलेले ‘स्टुडंट पायलट लायसन्स’ (एसपीएल), म्हणजे शिकाऊ वैमानिकाचा परवाना, ठेवण्यात आले. त्यावर त्याचा फोटो होता, गोल शिक्का होता, आणि वैद्यकीय तपासणीच्या तारखेचा रकाना कोरा होता. तोवर एकाही डॉक्टरने त्याला तपासलेले नव्हते, कोणी तोंडी परीक्षा घेतलेली नव्हती. खरे एसपीएल फ्लाइंग स्कूलमध्ये मुख्य प्रशिक्षकाने परीक्षा घेतल्यावरच मिळते. तो कोरा रकाना आठवला की अजूनही जीव जळतो, कारण त्याबद्दल मी तिथल्या तिथे विचारले होते आणि उत्तर मिळाले होते, “साहेब, मेडिकल फ्लाइंगच्या आधी करू, आत्ता कशाला घाई?” बारावीला फिजिक्स आणि गणित लागते, कॉमर्सच्या मुलालाही हे विषय एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येतात, कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचे उड्डाण लागते, हे सगळे त्यांनी अचूक सांगितले होते. ज्याच्या नऊ गोष्टी खऱ्या निघाल्या, त्याची दहावी खोटी आहे हे या क्षेत्रात कोणीही ओळखीचे नसलेल्या माणसाने कसे ओळखावे?

पैसे भरण्याआधी क्लास २ मेडिकल, म्हणजे शिकाऊ वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, करून घ्या, तेही डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीतील डॉक्टरकडूनच. डोळ्यांत किंवा रंगओळखीत दोष निघाला तर पुढचा सगळा खर्च पाण्यात जाऊ शकतो. डीजीसीएच्या परीक्षेसाठी लागणारा कॉम्प्युटर नंबर (उमेदवाराचा नोंदणी क्रमांक) मुलाने स्वतः अर्ज करून काढावा, पासवर्ड कोणालाही देऊ नये.

जागा राखल्याचे सांगितले होते त्या फ्लाइंग स्कूलने अशा केंद्राचे नावही ऐकले नसल्याचे सांगितले, तेव्हा आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथे “हा देण्याघेण्याचा दिवाणी वाद आहे” एवढे ऐकवून आम्हाला परत पाठवले. बनावट सरकारी परवाना टेबलावर समोर ठेवलेला असताना तो दिवाणी वाद कसा होतो? एका सरकारी कार्यालयाला लिहिले, तर संबंधित केंद्र आपल्या अखत्यारीत येत नसल्याचे दोन ओळींचे उत्तर आले; आणि बँकेने, रक्कम तुम्ही स्वतःच वळती केली, असे म्हणून हात वर केले. फसवणारा एक होता, पण त्याच्यामागे उभे राहून त्याला पळायला वेळ देणारे किती!

मान्यताप्राप्त फ्लाइंग स्कूलची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. ती उघडा, स्कूलला स्वतः फोन करा आणि फी थेट त्यांच्याच खात्यात भरा. आमची पावती केंद्राच्या नावाची होती आणि खाते एका ट्रेडिंग कंपनीचे.

ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे ती वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे रजिस्टर पोस्टाने पाठवता येते. हे आम्हाला ठाण्यातल्या कोणी सांगितले नाही, वकिलाने सांगितले. आमची तक्रार तशी गेली आहे. सोबत लायसन्सची झेरॉक्स जोडली आहे, मूळ प्रत आमच्याकडेच आहे.