बिजागरीजवळ चिरलेला पत्रा: पितळ, गॅस, सीओटू की नवा तुकडा?

पद्मिनी असो वा अँबेसेडर, दाराच्या बिजागरीजवळ केसाएवढी चीर दिसली की आपण थेट वेल्डर गाठतो. त्याआधी दार अर्धं उघडा आणि मोकळ्या कडेला हात घालून वर उचलून बघा. दार हललं पण ते ज्यावर टांगलेलं असतं त्या खांबाचा पत्रा जागचा हलला नाही, तर बिजागरीची पिन झिजली आहे. पत्राच आत-बाहेर होत असेल, तर चीर दिसते त्याहून लांब गेली आहे. जुन्या गाड्यांत बहुधा दोन्ही सापडतं. पिन झिजते, दार लटकतं, बंद करताना आपण ते रोज उचलून आपटतो आणि तार मागे-पुढे वाकवून तोडावी तसा पत्रा बोल्टाच्या भोकापासून तुटत जातो. झिजलेली पिन आणि तिच्याभोवतीची नळी (बुश) तशीच ठेवून केलेलं कुठलंच वेल्डिंग टिकत नाही.

दुसरा प्रश्न, गाडी कुठल्या हवेत राहिली. आपल्या कोरड्या हवेत लातूर-परभणीकडच्या गाडीचा पत्रा चिरतो, पण आजूबाजूला सहसा ठणठणीत असतो. मुंबईहून आणलेल्या गाडीला वरून रंग छान असतो आणि स्क्रूड्रायव्हर टोचला की आत गंजाचे पापुद्रे निघतात. या दोन गाड्यांचा इलाज वेगळा.

सगळ्यांत स्वस्त आणि पटकन होणारं काम पितळेचं, म्हणजे पितळ वितळवून चिरेत भरण्याचं. वडिलांच्या पद्मिनीला आम्ही आधी तेच करून घेतलं. पितळ साधारण ९०० अंशांना वितळतं, लोखंड १५०० च्या आसपास. त्यामुळे पत्र्याला भोक पडत नाही आणि काम सुबक दिसतं. पण पितळ लोखंडाला नुसतं चिकटतं, एकजीव होत नाही. जुन्या चिरेत तेल, रंग, गंज शिरलेला असतो, तिथे ते धरतच नाही. दीड वर्षात त्याच कडेने पत्रा पुन्हा उकलला. खरं नुकसान त्यानंतर कळलं. एकदा पितळ शिरलेल्या जागी लोखंडाचं वेल्डिंग नीट बसत नाही. चार बोटांच्या चिरेपायी तळहाताएवढा पत्रा कापून टाकावा लागला. बापाने जपलेल्या गाडीचा मूळ पत्रा असा जाताना बघवत नाही. म्हणून बिजागरीपाशी पितळ नकोच, हे मी ठाम सांगतो.

गॅसच्या ज्योतीने पत्राच वितळवून जोडायच्या गॅस वेल्डिंगची गोष्ट निराळी. त्याचा सांधा मऊ राहतो, मागे डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने ठोकून सपाट करता येतो आणि रंगाखाली पुट्टी कमी लागते. पण उष्णता दूरवर पसरते. रबर, वायरिंग, आतलं अस्तर काढावंच लागतं, आणि खांबाचा पत्रा ओढला गेला की दाराची फट वर एक, खाली एक. चांगल्या हाताचा जुना डेंटर (पत्रा ठोकून सरळ करणारा कारागीर) ओळखीचा असेल तरच या वाटेला जा.

गावोगावच्या गेट-ग्रिलवाल्याकडे रॉडचं वेल्डिंग मशीन असतं. जेमतेम एक मिलिमीटरच्या पत्र्याला ते जाळून टाकतं. एम-सील आणि पुट्टी तर चीर फक्त झाकतात.

पत्रा ठणठणीत असेल तर माझी पसंती सीओटू वेल्डिंगला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात विजेने तार वितळवून सांधण्याला. छत्रपती संभाजीनगरात वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यामुळे हे काम रोज करणारे हात शोधायला फार फिरावं लागत नाही. मात्र जाड लोखंडाची सवय असलेल्याला बारीक तार लावायला सांगा, ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची. सलग ओढ नको. एकेक ठिपका, तोही जागा बदलत, मध्ये थंड होऊ देत. हा सांधा कडक असतो, ठोकण्यापेक्षा ग्राइंडरने हलक्या हाताने घासावा.

त्याआधी चिरेचं खरं टोक शोधा. रंग खरवडून डिझेल लावा, कोरडं पुसा, वर खडूची पूड चोळा. थोड्या वेळात चीर ओली रेघ होऊन उमटते. त्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं की चीर पुढे पळत नाही. नुसती चीर भरू नका, मागून पट्टी द्या. बिजागरीपेक्षा मोठी, कोपरे गोल, जाडी १.२ ते १.६ मिलिमीटर. त्याहून जाड पट्टी मजबूत वाटते, पण पत्रा मग तिच्या कडेला चिरतो.

गंजलेल्या गाडीत मात्र वेल्डिंग धरायला पत्राच उरलेला नसतो. तिथे निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचं, कागदावर साचा काढून नवा तुकडा घडवायचा आणि तो सीओटूनेच बसवायचा. खर्च आणि दिवस दोन्ही वाढतात. अँबेसेडर २०१४ साली बंद झाली, पद्मिनी त्याच्याही आधी; तयार खांब मिळेल या आशेवर गाडी उभी ठेवू नका.

कुठलीही वाट घ्या, काम सुरू करताना बॅटरी सोडवा. वेल्डिंगचे चार ठिपके (टाके) मारून दार लावून बघा, फट जुळली तरच बाकीचं वेल्डिंग करा. शेवटी बाहेरून रेड ऑक्साइडचा गंजरोधक प्रायमर, आणि खांबाच्या पोकळीत मेण किंवा गंजरोधक तेल. आत जळालेला रंग बाहेरून दिसत नाही, आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो.