जुनं लाकडी सामान: लाखेचं पॉलिश करावं की ऑइलपेंट?

पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात गेलात, किंवा मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचरवाल्यांकडे फिरलात, की एखादी खुर्ची किंवा स्टूल मनात भरतंच. ते घरी आलं की प्रश्न पडतो, याला आता पॉलिश करायचं की रंग द्यायचा? बहुतेक जण घरातल्या भिंतींना काय शोभेल ते बघतात. माझं ठाम मत आहे की आधी खुर्ची उलटी करा आणि लाकूड बघा.

बैठकीच्या खालच्या बाजूला पॉलिश सहसा पोचलेलं नसतं. तिथे कोपऱ्यात १२० नंबरचा पॉलिशपेपर चार वेळा फिरवा. सोनेरी तपकिरी रंग निघाला, उभे रेषे दिसले आणि जरा चामड्यासारखा वास आला तर सागवान आहे. कडेला पापुद्र्यांसारखे थर दिसले तर प्लाय. सगळ्यात फसवं म्हणजे प्लायवर चिकटवलेलं सागाचं व्हीनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. ते बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, जोर लावून घासलं की खालचा प्लाय उघडा पडतो आणि मग रंगाशिवाय इलाज उरत नाही. खाली बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर किडा अजून जिवंत आहे, ती वस्तू घेऊच नका.

सागवान किंवा शिसवी निघालं तर लाखेचंच पॉलिश करा. आधी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट धरा. जुना थर चिकट होऊन बोळ्याला लागला तर तो लाखेचाच आहे. मग सगळं खरवडायची गरज नाही, स्पिरिटने पुसून त्यावरच नवे हात देता येतात, कारण नवी लाख जुनीत विरघळून एकजीव होते. पॉलिशचा हा गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दहा वर्षांनी ओरखडा पडला तरी तेवढीच जागा दुरुस्त होते.

एक लिटर स्पिरिटमध्ये २०० ग्रॅमच्या आसपास चपडा लाख (पातळ पापड्यांच्या रूपात मिळणारी लाख) रात्रभर भिजत घालायची आणि सकाळी कापडातून गाळायची. कापसाचा गोळा मलमलच्या फडक्यात बांधायचा, पॉलिशमध्ये बुडवून जरा पिळायचा आणि रेषांच्या दिशेने न थांबता ओढायचा. मध्येच थांबलं की तिथे डाग राहतो. पहिले दोन-तीन हात काहीच दिसत नाही, लाकूड पीतच राहतं. पाचव्या-सहाव्या हाताला, खिडकीकडे तिरपं धरून पाहिलं, की आतून उजेड आल्यासारखे रेषे उठतात. स्पिरिट भुरकन पेटतं, तेव्हा गॅस आणि देवाजवळचा दिवा बंद ठेवूनच बसा. आणि पावसाळ्यात हे काम काढू नका. मी एक आरामखुर्ची जुलैत करायला घेतली, दमट हवेने सगळ्या हातांवर दुधाळ पांढरट साय आली. ऑक्टोबरच्या उन्हात स्पिरिटचा ओलसर बोळा फिरवल्यावर ती गेली.

लाखेचा कमकुवतपणाही ध्यानात घ्या. गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. जेवणाचं टेबल असेल तर लाख नको, ब्रशने लावायचं पाण्याचं पीयू (पॉलियुरेथेन) बरं. दोन भाग मिसळून फवारायचं पीयू मात्र घरात करू नका, त्याच्या वाफा फुप्फुसाला घातक असतात. ते काम वर्कशॉपमधल्या कारागिराचं.

प्लाय, उडालेलं व्हीनिअर, तीन जातींच्या लाकडांचं जोडकाम किंवा लांबीने (पुट्टीने) बुजवलेली भोकं असतील तर ऑइलपेंटच योग्य. घासणं, प्रायमर, लांबी, पुन्हा घासणं आणि दोन पातळ हात, दोन हातांमध्ये एक रात्र. गरम कपाला, ओल्या फडक्याला तो लाखेपेक्षा चांगला टिकतो, म्हणून मुलांच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात सोयीचा. पण टवका उडाला की तेवढाच भाग जुळवता येत नाही, आणि पांढरा ऑइलपेंट काही वर्षांत पिवळा पडतो. शिवाय मागे फिरायचं ठरवलं तर खोबणीत बसलेला रंग काढताना नक्षी खराब होते. म्हणूनच सागावर ऑइलपेंट पाहिला की मला वाईट वाटतं.

आधीच रंगवलेली वस्तू असेल तर एक काळजी घ्याच. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. पाणी मारून वॉटरपेपरने (ओला करून वापरायच्या पॉलिशपेपरने) घासा, मुलांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा, चिखलासारखा निघालेला रंग पुसून फडक्यासकट पिशवीत बांधून टाका.

अजून ठरत नसेल तर ड्रॉवर बाहेर काढा आणि त्याच्या मागच्या फळीवर अर्ध्या भागात लाखेचे पाच-सहा हात देऊन बघा. स्पिरिट उडायला वेळ लागत नाही, संध्याकाळपर्यंत रेषे दिसतील.