बेळगावातील एका वकिली कार्यालयाचा अनुभव: जुन्या मारहाणीचा पुरावा

माझ्या मावसबहिणीवर नवऱ्याच्या खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा खानापूर तालुक्यातून आम्ही बेळगावातील एका वकिली कार्यालयात गेलो. खटला चालू असल्यामुळे कोणाचेही नाव लिहीत नाही. परंतु ज्यांच्या घरावर असा प्रसंग आला आहे, त्यांना वकील निवडताना उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहे.

पहिली भेट वाया गेली. वकीलसाहेबांनी नवऱ्याने केलेल्या मारहाणीविषयी तिच्या भावासमोरच विचारले आणि ती मान खाली घालून गप्प बसली. ही चूक एवढ्या अनुभवी माणसाकडून व्हायला नको होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कनिष्ठ वकीलबाईंनी आम्हा सर्वांना बाहेर बसवले आणि तिच्याशी दोन तास मराठीत बोलल्या.

तिला तारखा आठवत नव्हत्या, सण आठवत होते: कोणत्या हरतालिकेला दात पडला, कोणत्या वर्षी सौंदत्तीच्या यल्लम्माहून परतल्यावर हात मोडला. बाईंनी जुन्या दिनदर्शिकांवरून एकेक तारीख लावली आणि त्या तारखांचे केसपेपर शोधायला आम्हाला पाठवले. दोन केसपेपरांवर ‘पडून लागले’ असेच लिहिलेले निघाले. ते लपवण्याऐवजी, दवाखान्यात त्या वेळी नवरा शेजारी उभा होता, हे सोबत गेलेल्या शेजारणीच्या साक्षीने दाखवायचे त्यांनी ठरवले.

दात पडणे किंवा हाड मोडणे कायद्याने जबर दुखापतीत मोडते, हे मला तेथे कळले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 38 नुसार मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटण्याजोगा हल्ला होत असेल, तर स्वसंरक्षणाचा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. वर्षानुवर्षे मार खाल्ला एवढ्यावर सुटका होत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. त्या रात्री त्याने कोयता उचलला तेव्हा तिला वाटलेली भीती वाजवी का होती, हे त्या जुन्या जखमांवरून दाखवायचे असते. स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला, तरी सरकार पक्षाइतका निःसंशय पुरावा तिच्याकडून अपेक्षित नसतो, तिचे म्हणणे अधिक संभाव्य ठरले तरी पुरते. गंभीर आणि आकस्मिक चिथावणीचा बचाव याहून वेगळा आहे. त्यातही मृताच्या आधीच्या वागण्यामुळे तयार झालेली मनःस्थिती विचारात घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये नानावटी खटल्यात म्हटले होते; पण तो बचाव रागाचा आहे आणि त्याने खुनाचा आरोप सौम्य होतो, माणूस निर्दोष सुटत नाही.

फीची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि झेरॉक्सचा खर्च वेगळा लावतात, हे आधीच विचारून घ्यावे. ज्यांना फी परवडत नाही, त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

माझ्या मते या कार्यालयाचे सर्वांत मोलाचे काम भाषेचे आहे. कागद कन्नडमध्ये तयार होतात आणि आमच्या घरात कोणालाही कन्नड वाचता येत नाही. सही घेण्यापूर्वी बाईंनी तिला प्रत्येक ओळ मराठीत समजावून सांगितली. ‘रागाच्या भरात’ या शब्दांवर तिने त्यांना थांबवले आणि म्हणाली, “बाई, राग नव्हता हो, मी घाबरले होते.” ते पान पुन्हा टंकलिखित झाले, मगच तिने सही केली.