वर्षभराच्या एकट्या प्रवासाची आखणी : राजारामपुरीतील एका कार्यालयाचा अनुभव

वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन एकटीने जगप्रवासाला निघण्यापूर्वी मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका प्रवास सल्लागारांकडे गेले, आणि तो निर्णय अगदी योग्य ठरला. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही, हे त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने एकेक दिवस खुणावून दाखवले आणि माझा चार महिन्यांचा सलग बेत मध्ये तुर्कस्तान घालून दोन भागांत बसवला. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचा दाखला लागतो आणि तो लस घेतल्यानंतर 10 दिवसांनीच ग्राह्य धरला जातो, हेही बजावले. विमा मात्र सहाच महिन्यांचा निघाला. ती चूक मलाच निस्तरावी लागली. शुल्क ठरले तेवढेच घेतले.