गॅरेजचे बारा दिवे आणि क्लॅम्प मीटरचा खेळ

१५ वॅटचे म्हणून गॅरेजच्या सीलिंगमध्ये बसवलेले बारा एलईडी दिवे प्रत्यक्षात ८ वॅटसुद्धा खात नव्हते. आणि ज्या ठेकेदाराने ते बसवले, त्यानेच घरी येऊन, मीटर लावून, माझ्या डोळ्यांदेखत ते १५ वॅटचेच असल्याचं 'सिद्ध' करून दाखवलं. कमी वॅटचा माल जास्त वॅटच्या नावाने खपवणं जुनंच आहे. ते झाकण्याची ही तऱ्हा मात्र मी पहिल्यांदाच पाहिली, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

गॅरेज ६ मीटर बाय ६ मीटर. गाडी उभी राहते आणि मागच्या भिंतीला लाकूडकामाचं टेबल आहे. ड्रिल, ग्राइंडर सगळं तिथेच चालतं. नुसती गाडी लावायची असती तर कसलाही उजेड चालला असता. पण काम करायचं तर जमिनीवर सरासरी ३०० लक्स आणि टेबलावर ५०० च्या आसपास हवा, असा माझा अंदाज होता. (ल्यूमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, आणि लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन.) ३६ चौरस मीटरला ३०० लक्स म्हणजे १०,८०० ल्यूमेन. राखाडी जमीन, धूळ, सामानाने भरलेल्या भिंती यांत बराच उजेड मुरतो, म्हणून दिव्यांतून १५-१६ हजार ल्यूमेन निघायला हवेत. ठेकेदाराने कोटेशनमध्ये १५ वॅटचे १२ नग आणि वॅटमागे ९० ल्यूमेन असं लिहून दिलं होतं, म्हणजे एकूण १६,२०० ल्यूमेन. कागदावर सगळं चोख होतं.

दाखवायला आणलेला नमुनाही उत्तम होता. हातात घेतल्यावर जड लागणारी ॲल्युमिनियमची बॉडी, पाठीमागे उष्णता बाहेर टाकायला धातूच्या पातळ पट्ट्या, वेगळा ड्रायव्हर (घरची वीज एलईडीजोगी करून देणारा डबा) आणि त्याला नीट कनेक्टर. बसवले गेले ते दिवे समोरून हुबेहूब तसेच होते. तोच पांढरा काठ, तीच दुधी काच, खोकंही तेच. सीलिंगमध्ये बुडवलेल्या दिव्याची हीच गोम आहे: खालून फक्त तोंड दिसतं, आणि पैसे ज्या भागाचे मोजायचे तो सगळा जिप्सम बोर्डाच्या वर. त्यातून 'बोर्ड बंद करून घेऊ, रंगवाला थांबलाय' ही घाई होतीच. आता कळतं की घाई रंगवाल्याची नव्हती.

उजेड कमी आहे हे पहिल्याच संध्याकाळी जाणवलं, पण डोळ्यांचा भरवसा धरता येत नाही. मला खरा धक्का ग्राइंडरने दिला. चालू असलेली चकती मधूनच संथ फिरल्यासारखी, एका ठरावीक वेगाला तर जवळपास थांबल्यासारखी दिसायला लागली. स्वस्त ड्रायव्हर विजेचा चढउतार गाळून सपाट करत नाही; ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो आणि चकतीच्या फिरण्याशी त्याचा मेळ बसला की ती स्थिर भासते. बैठकीच्या खोलीत याने फार तर डोकं दुखेल. गॅरेजमध्ये बोट जाऊ शकतं. तपासायला मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ पुरतो: दिव्याकडे धरून चित्रण करा, उजेड फडफडताना किंवा चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर हलका आहे. नमुन्याच्या दिव्यात यातलं काहीच दिसलं नव्हतं.

रंगांचंही तेच. लाल वायर आणि तपकिरी वायर या उजेडात वेगळ्या ओळखू येईनात. खोक्यावर 'सीआरआय ८० पेक्षा जास्त' (सीआरआय म्हणजे दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) छापलेलं होतं आणि ते कदाचित खरंही असेल. हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो आणि गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्याचं मोजमाप आर९ म्हणून वेगळं देतात, आणि ज्याचा आर९ चांगला असतो तोच तो छापतो.

तक्रार केल्यावर उत्तरं ठरलेली आली. डोळ्यांना सवय होईल. भिंतींना पांढरा रंग द्या. सहा-सात महिने दिवे 'सेट' व्हायला लागतात. (एलईडी वापराने मंदच होत जातो, उजळ होत नाही, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.) मी वॅटची शंका काढली तेव्हा मात्र तो गडबडला नाही. दुसऱ्या दिवशी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती जबडा अडकवून करंट मोजायचं यंत्र, घेऊनच आला. दिव्यांच्या फेजच्या वायरभोवती जबडा अडकवला, बाराही दिवे लावले आणि आकडा मला वाचायला लावला: ०.८ अँपिअर. 'आता करा हिशोब, दादा. २३० गुणिले ०.८.' १८४ आले. बारा दिवे गुणिले १५ म्हणजे १८०. 'चार वॅट जास्तच दिलेत तुम्हाला,' असं म्हणून हसला आणि उरलेले पैसे मागितले.

या हिशोबात मेख आहे, आणि ती ओळखता आली पाहिजे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट हे हीटरला किंवा जुन्या पिवळ्या बल्बला लागू पडतं. एलईडीचा स्वस्त ड्रायव्हर वीज सलग ओढत नाही, झटक्या-झटक्याने ओढतो. त्यामुळे वायरमधून करंट जास्त वाहताना दिसतो, पण प्रत्यक्ष कामी येणारी शक्ती बरीच कमी असते. या खऱ्या शक्तीला व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकाराने भागलं की येतो तो पॉवर फॅक्टर. चांगल्या ड्रायव्हरचा तो ०.९ च्या वर असतो, भिकार ड्रायव्हरचा ०.५ च्या आसपास. म्हणजे त्या १८४ ला ०.५ ने गुणायचं आणि मग येतात ९२ वॅट. दिव्यामागे ७.७. माल जितका वाईट, तितका क्लॅम्प मीटरवर तो जास्त वॅटचा दिसतो! नुसता करंट दाखवणाऱ्या मीटरने एलईडीचे वॅट कुणी सिद्ध करून दाखवत असेल, तर एक तर त्याला कळत नाही किंवा फारच नीट कळतं.

खरे वॅट मोजायला वेगळं उपकरण घ्यावं लागत नाही, घरचा वीजमीटर पुरतो. तो करंट मोजून थांबत नाही, खरी शक्ती मोजतो. त्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' असं काहीतरी छापलेलं असतं; कुठे १६००, कुठे १०००. म्हणजे एक युनिट वापरलं की तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. मी गॅरेजची सोडून घरातली बाकी सगळी एमसीबी खाली पाडली, गॅरेजमधली इतर उपकरणंही काढली आणि फक्त ते बारा दिवे लावून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजली. १८० वॅट असते तर दर सव्वासहा सेकंदांनी लुकलुक व्हायला हवी होती. होत होती बारा सेकंदांहून थोडी जास्त वेळ लोटल्यावर. गणित सोपं आहे: ३६ लाखांना मीटरवरच्या आकड्याने भागा, आलेल्या उत्तराला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, वॅट मिळतात. एकाच लुकलुकीवर विसंबू नका. दहा मोजून सरासरी काढा.

मग मी एक दिवा स्प्रिंग दाबून खाली ओढला. ॲल्युमिनियमचा वाटणारा भाग चंदेरी रंग दिलेलं प्लॅस्टिक निघाला. दिव्याच्या पाठीवर '१५ वॅट'चा स्टिकर, आणि त्याच दिव्याच्या ड्रायव्हरवर बारीक अक्षरात आउटपुट: ३० ते ५२ व्होल्ट डीसी, १५० मिलिअँपिअर. ५२ गुणिले ०.१५ म्हणजे फार झालं तर ७.८ वॅट. इथे सरळ गुणाकार चालतो, कारण ही डीसी, म्हणजे एकाच दिशेने सलग वाहणारी वीज आहे. दिव्यावरचा स्टिकर कुणीही छापू शकतो. ड्रायव्हरचं लेबल मात्र बहुधा ड्रायव्हर बनवणाऱ्याचं असतं, आणि ते बदलायचं या मंडळींच्या लक्षात राहत नाही.

वर आणखी बरंच काही होतं. कोटेशनमध्ये आयपी४४ लिहिलं होतं, म्हणजे १ मिलिमीटरहून जाड वस्तू आणि पाण्याचे शिंतोडे आत जाऊ नयेत. काठाखाली रबराची पट्टीच नव्हती. जॉइंट नुसते पिळून टेप गुंडाळलेले, ना कनेक्टर ना जंक्शन बॉक्स. अर्थिंगची वायर कापून तशीच सोडलेली. ज्यांच्या गॅरेजवर राहती खोली आहे त्यांनी हे विशेष पाहावं. तिथला सीलिंगचा बोर्ड कित्येकदा आग वर जाऊ नये म्हणूनही घातलेला असतो आणि त्याला बारा भोकं पाडण्याआधी आपल्याकडचा नियम विचारून घ्यावा लागतो. माझ्याकडे वर गच्ची आहे म्हणून निभावलं.

दिव्यांच्या जागा ठरवण्यातही हात मारलेला होता, कारण मजुरी पॉइंटमागे होती. जितकी भोकं तितके पैसे. दोन दिवे थेट वर सरकणाऱ्या शटरच्या वाटेत. शटर उघडलं की ते पूर्ण झाकले जातात. चार गाडीच्या टपाच्या बरोब्बर वर, जिथे ते फक्त टप उजळतात. दिवे गाडीच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या पट्ट्यांवर आणि टेबलाच्या पुढच्या कडेच्या सरळ वर हवेत. टेबलापाशी उभं राहणाऱ्याच्या पाठीमागे दिवा ठेवला की कामावर स्वतःचीच सावली पडते, आणि माझ्याकडे नेमकं तेच केलेलं होतं.

ड्रायव्हरच्या लेबलचा फोटो आणि मीटरचा व्हिडिओ समोर ठेवल्यावर त्याचा सूर बदलला. माझ्याकडे काही रक्कम अडकलेली होती, तेवढाच माझा जोर. त्याने तडजोड सुचवली: 'दिवे तेच राहू देत, मी ३०० मिलिअँपिअरचे ड्रायव्हर लावून देतो, होतील १५ वॅट.' हे अजिबात मान्य करू नका. मीटरवर वॅट भरतील, पण ७-८ वॅटसाठी बनवलेल्या चिपमधून दुप्पट करंट जाणार आणि उष्णता बाहेर काढायला पाठीमागे प्लॅस्टिक. असे दिवे लवकर काळवंडतात, आणि कोंडलेल्या सीलिंगमध्ये तापणारं प्लॅस्टिक मला नको होतं.

शेवटी दिवे तो परत घेऊन गेला आणि त्यांची किंमत अडकलेल्या रकमेतून वळती झाली. जॉइंट दुसऱ्या वायरमनकडून पुन्हा करून घेतले. भोकं नमुन्याच्या दिव्याला लागतात त्यापेक्षा मोठी पाडलेली होती, त्यामुळे नव्या दिव्यांना रुंद रिंगा लावाव्या लागल्या. टेबलावर आता सीलिंगमध्ये बुडवलेला दिवा नाहीच, ट्यूबलाइटसारखा लांब एलईडी बॅटन आहे, आणि खरं सांगायचं तर कामाला तोच बरा. शटरच्या वाटेतल्या दोन भोकांवर झाकणं बसवली. त्या दोन पॉइंटची मजुरी मात्र त्याने सोडली नाही.